जनरल रजिस्टर ते प्रोफाइल : आपल्या ओळखीची तीस वर्षं



स्मरणिका समितीने माझ्यावर दोन कामं सोपवली. पहिलं, 'तू कॉम्प्युटरमधली, तेव्हा सगळ्यांची परिचयसूची तू कर.' दुसरं, 'एक लेख दे, पण आठवणींचा नको, ते ढीगभर आलेत. काहीतरी इतिहासाचं दे.'

परिचयसूचीचा फॉर्म मी एका संध्याकाळी तयार केला. पूर्ण नाव, माहेरचं नाव, पत्ता, मोबाइल, जन्मतारीख, नोकरी कुठे, जोडीदाराचं नाव, मुलं काय करतात, अलीकडचा फोटो. आपल्या ग्रुपवर टाकण्याआधी एकदा वाचून पाहिला आणि टाकलाच नाही. समितीला वाटलं, मी कामाच्या गडबडीत विसरले. मी विसरले नव्हते. फॉर्म का थांबवला ते सांगायला मला तीस वर्षं मागे जावं लागेल, म्हणजे समितीला हवा तो इतिहासही त्यात येईल. हा इतिहास आपल्याबद्दल कोणाला काय माहीत असतं, याचा आहे.

कपाटातलं रजिस्टर

आपलं पहिलं प्रोफाइल शाळेने लिहिलं. त्याचं नाव जनरल रजिस्टर. अनुक्रमांक, पूर्ण नाव, जात, जन्मस्थळ, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, आधीची शाळा, प्रवेशाची तारीख. शाळा सोडल्याचा दाखला म्हणजे त्याच रजिस्टरमधला उतारा. ते रजिस्टर ऑफिसातल्या लोखंडी कपाटात असायचं आणि किल्ली कारकून काकांकडे.

त्यातली सगळी माहिती खरी होती असं नाही. पाड्यांवरून चालत शाळेत येणाऱ्या आपल्या कितीतरी मित्रांच्या घरी जन्माची नोंदच नव्हती. अशा मुलांचा पहिलीचा प्रवेश झाला की गुरुजी अंदाजाने वर्ष ठरवत आणि तारीख १ जून लिहून टाकत. महाराष्ट्रातल्या गावोगावच्या शाळांत हेच झालं आहे. त्यामुळे आजही १ जूनला सकाळी फेसबुक उघडलं की ते मला आपल्या निम्म्या वर्गाला वाढदिवसाच्या शुभेच्छा द्यायला सांगतं. जगातल्या एवढ्या मोठ्या कंपनीला आपल्या मित्रांचे खरे वाढदिवस ठाऊक नाहीत, याची मला दरवर्षी थोडी गंमत वाटते.

त्या ऑफिसातला एक प्रसंग मला पक्का आठवतो. मी नववीत होते, भूगोलाच्या बाईंनी नकाशा आणायला पाठवलं होतं. एक गृहस्थ काकांसमोर बसले होते. वरच्या वर्गातल्या एका मुलीची जन्मतारीख आणि घरचा पत्ता त्यांना हवा होता. स्थळ बघायचं होतं, पत्रिका जुळवायची होती. माणूस ओळखीतला, बोलणं गोड. काका एवढंच म्हणाले, "मुलीच्या वडिलांना पाठवा, ते मागतील तर देतो." गृहस्थ रागावून गेले. काकांनी पुन्हा मान खाली घालून पावत्या लिहायला घेतल्या. मला तेव्हा ते तुसडे वाटले. पंचवीस वर्षांनी कळलं की आपल्या शाळेत कोणीतरी किल्ली नीट सांभाळत होतं.

शाळेबाहेर मात्र कुठलीच किल्ली नव्हती. सरावलीत काही लपत नसे. डहाणूच्या बाजारातून येताना पिशवीत काय आहे ते तीन ओट्यांवर विचारलं जायचं. एसटी थांब्यावर मुलगी मुलाशी दोन शब्द बोलली, तर ती घरी पोचण्याआधी बातमी पोचायची. दहावीचा निकाल लागला तेव्हा सगळ्यांचे गुण शाळेच्या फळ्यावर होते, नापास झालेल्यांचेसुद्धा. गाव काही फार प्रेमळ होतं म्हणून मी हे सांगत नाही. मुलींना तर त्याचा जाचच अधिक होता. पण एक गोष्ट होती. ज्यांना आपलं सगळं ठाऊक, ते कोण हे आपल्याला ठाऊक होतं. आपल्याबद्दल बोलणारी बाई उद्या पिठाच्या गिरणीवर समोर भेटायची, आणि तिच्या घरचंही आपल्याला थोडंफार माहीत असायचं. बोललेलं चार दिवस फिरायचं, झिजायचं आणि विसरलं जायचं.

फोन तेव्हा मोजक्या घरांत. फॉर्मवर आपण किराणा दुकानाचा नंबर लिहून पुढे 'पीपी' लिहायचो. ०२५२८ लावून कोणी फोन केला की दुकानातला मुलगा हाका मारत यायचा आणि आपण दुकानातल्या गिऱ्हाइकांसमोर मोठ्याने बोलायचो. टेलिफोन डिरेक्टरीत नाव-पत्ता छापून यायचा तो तर मानाचा भाग होता.

आणि दहावीच्या शेवटच्या दिवसांतली स्लॅम बुकं आठवतात ना? आवडता रंग, आवडता हिरो, आयुष्यातला लाजिरवाणा प्रसंग. सगळ्यांनी वाचायचं ते उघड्या पानावर, आणि फक्त वहीच्या मालकिणीसाठी असलेलं पान दुमडून स्टेपल केलेलं. माझ्या वहीत अजून एक पान स्टेपल आहे, वर लिहिलंय 'लग्नानंतर उघड'. लग्न होऊन बरीच वर्षं झाली, उघडायचं राहून गेलं. आज सोशल मीडियावर 'हे कोणाला दिसावं' असं विचारणारी जी खूण असते, ती मला त्या स्टेपलच्या पिनेसारखी वाटते. फरक एवढाच की पिन कोणी काढली तर भोकं दिसायची.

ऑर्कुटचे दिवस

१५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. आपण तेव्हा दहावीत होतो आणि झेंडावंदनानंतर मिळणाऱ्या खाऊच्या रांगेत उभे होतो. आपल्याला त्याचा पत्ताही नव्हता. इंजिनीअरिंगला गेल्यावर सायबर कॅफेत मी पहिल्यांदा चॅट रूम पाहिली. तिथे कोणीच स्वतःच्या नावाने नसायचं. सगळी टोपणनावं. घरच्यांचा सल्लाही तोच : खरं नाव सांगू नकोस, गाव सांगू नकोस.

जानेवारी २००४ मध्ये ऑर्कुट आलं आणि हा सल्ला आपण सगळ्यांनी मोडला. गूगलमधल्या ऑर्कुट ब्युक्कोकटेन या तुर्की इंजिनिअरने ते बनवलं, त्याच्याच नावाने. ब्राझील आणि भारत या दोन देशांत ते सगळ्यात जास्त चाललं. मी तेव्हा पुण्यात नोकरीला होते. आमच्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत सगळे शाळेचं नाव टाकून जुने मित्र शोधायचे. खरं नाव, खरा फोटो, शाळा, कॉलेज, आवडीनिवडी, मित्रांनी लिहिलेली प्रशस्तिपत्रं. स्लॅम बुकच ते, फक्त वही आता रस्त्यावर उघडी ठेवलेली. 'स्क्रॅप' म्हणजे मित्राला लिहिलेली चिठ्ठी सुरुवातीला कोणीही वाचू शकत असे. कुलूप लावायची सोय नंतर आली.

ऑर्कुटमध्ये एक गोष्ट मात्र गावासारखी होती. आपल्या पानावर अलीकडे कोण येऊन गेलं त्यांची नावं दिसायची. ओट्यावरून कोणी डोकावलं तर कळतं तसं. ही सोय बंद करता यायची, पण मग आपल्यालाही आपल्याकडे आलेले दिसत नसत. तू मला दिसणार नसशील तर मीही तुला दिसणार नाही, असा सरळ हिशेब. मी आजवर पाहिलेल्या सोयींत ही मला सगळ्यात न्याय्य वाटते. फेसबुकने ती कधीच दिली नाही. तिथे आपलं पान कोणी पाहिलं ते आपल्याला कळतच नाही.

उघड्या वहीचे धोके लवकरच दिसले. ऑगस्ट २००७ मध्ये मुंबईत एका १६ वर्षांच्या मुलाचं अपहरण होऊन खून झाला. ऑर्कुटवरच्या ओळखींचा धागा तेव्हा सगळ्या वर्तमानपत्रांत होता. पुढे २०१२ साली आरोपी न्यायालयात निर्दोष सुटले, पण त्या आठवड्यात घराघरांतले आईबाबा पहिल्यांदा 'प्रोफाइल' हा शब्द शिकले. त्याच महिन्याच्या अखेरीस पुणे पोलिसांनी बंगळुरूच्या एका सॉफ्टवेअर इंजिनिअरला पकडून आणलं. ऑर्कुटवर छत्रपती शिवाजी महाराजांबद्दल आक्षेपार्ह मजकूर टाकल्याचा आरोप होता. त्याने तो टाकलेलाच नव्हता. इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीने पोलिसांना चुकीच्या ग्राहकाचं नाव दिलं होतं. तो ५० दिवस कोठडीत राहिला. आमच्या ऑफिसात त्यावर फार कोणी बोललं नाही, पण त्या आठवड्यात बऱ्याच जणांनी आपापली पानं पुसली. आपण लिहिलेलं सगळ्यांना दिसतं ही एक भीती. आपण न लिहिलेलं आपल्या नावावर चढू शकतं ही दुसरी.

डहाणूपासून चौथं स्टेशन

२००६ च्या सप्टेंबरमध्ये फेसबुकने दोन गोष्टी केल्या. आधी 'न्यूज फीड' आणली, म्हणजे मित्राच्या पानावर काय बदललं ते शोधत जायला नको, आपोआप समोर येणार. मग तेरा वर्षांवरच्या सगळ्यांना दार उघडलं. लोक चिडले, पण सरावले. डिसेंबर २००९ मध्ये कंपनीने नियम बदलून नाव, फोटो, शहर, मित्रांची यादी असं बरंच काही सगळ्यांना दिसेल असं केलं. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने त्यावर कारवाई केली आणि २०११ च्या नोव्हेंबरमध्ये तडजोड झाली : पुढची वीस वर्षं दर दोन वर्षांनी बाहेरच्या तपासनिसांकडून खासगीपणाची तपासणी. हे सगळं अमेरिकेत चाललं होतं. आपल्याला वाटत होतं, याचा आपल्याशी काय संबंध?

वर्षभरात तो संबंध आपल्या दारात आला. डहाणू रोडहून मुंबईकडे निघालं की वाणगाव, बोईसर, उमरोळी आणि चौथं पालघर. १७ नोव्हेंबर २०१२ ला बाळासाहेब ठाकरे यांचं निधन झालं. दुसऱ्या दिवशी अंत्यसंस्कार होते, मुंबई आणि आसपासचा सगळा परिसर बंद होता. पालघरच्या एका २१ वर्षांच्या मुलीने फेसबुकवर चार ओळींत लिहिलं की हा बंद आदरापोटी नाही, भीतीपोटी आहे. तिच्या मैत्रिणीने त्याला 'लाइक' केलं. एवढंच. मजकूर काढून टाकला, माफी मागितली, तरी जमावाने तिच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड केली. १९ तारखेला दोघींना अटक झाली. प्रत्येकी १५,००० रुपयांच्या जातमुचलक्यावर सुटका झाली.

तुमच्यापैकी अनेकांना ते दिवस आठवत असतील. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं. आपला जिल्हा झाला १ ऑगस्ट २०१४ ला. डहाणूपर्यंत लोकलही आली नव्हती, ती २०१३ च्या एप्रिलमध्ये आली. मी पुण्यात टीव्हीवर पालघर स्टेशन पाहिलं, आणि माझ्या आईचा फोन आला : "तू पण तिथे काही लिहितेस का गं? बंद कर ते." आपल्या पट्ट्यातल्या किती घरांतून त्या दिवशी असे फोन गेले असतील! माझ्या ओळखीतल्या कितीतरी मुलींनी त्या आठवड्यात खाती बंद केली. त्यांना कोणी शिक्षा दिली नव्हती, त्यांनी स्वतःच स्वतःला गप्प केलं.

प्रकरण तिथे थांबलं नाही. देशभर टीका झाली, दोन पोलीस अधिकारी निलंबित झाले, मोडतोड करणाऱ्यांनाही अटक झाली आणि मुलींवरचा खटला पोलिसांनी मागे घेतला. त्या अटकेत माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ लावलं होतं. ते २००८ च्या दुरुस्तीने आलं, ऑक्टोबर २००९ पासून लागू झालं. कोणाला 'त्रास' किंवा 'गैरसोय' होईल असा मजकूर पाठवला तरी तीन वर्षांपर्यंत कैद, इतकी त्याची भाषा ढिली. पालघरची बातमी वाचून दिल्लीतली श्रेया सिंघल ही २१ वर्षांची तरुणी त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयात गेली. २४ मार्च २०१५ ला न्या. चेलमेश्वर आणि न्या. नरीमन यांच्या खंडपीठाने ते कलम घटनाबाह्य ठरवून रद्द केलं. कायद्याच्या पुस्तकांत तो निकाल तिच्या नावाने ओळखला जातो, पण त्याचं मूळ आपल्या लाइनीवरच्या एका स्टेशनात आहे, हे आपल्या मुलांना सांगायला हवं.

माझ्यासाठी त्या प्रकरणातला धडा मात्र कायद्यापलीकडचा होता. त्या मुलीने ते चार ओळी कोणासाठी लिहिल्या असतील? चार मैत्रिणींसाठी. वाचल्या कोणी? तिला माहीतच नसलेल्यांनी. गावात ज्यांना आपलं ठाऊक ते आपल्याला ठाऊक असत, तो हिशेब इथे मोडला होता.

दार माझं, घर तिचं

२४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की खासगीपण हा मूलभूत हक्क आहे. याचिका होती कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांची, मूळ विषय आधारचा. मुख्य निकालपत्रांपैकी एक न्या. धनंजय चंद्रचूड यांचं होतं, आणि त्यात त्यांनी आणीबाणीच्या काळातला जो निकाल खोडून काढला तो देणाऱ्यांत त्यांचे वडील न्या. यशवंत चंद्रचूड होते. आम्ही ऑफिसात पेढे वाटले नाहीत, पण मला तो दिवस मोठा वाटला.

पुढच्याच वर्षी केंब्रिज ॲनालिटिका उघडकीस आलं. फेसबुकवरच्या एका प्रश्नमंजुषेच्या ॲपमधून लोकांची माहिती एका राजकीय सल्लागार कंपनीकडे गेली होती. भारताचा आकडा फेसबुकने स्वतः दिला, आणि तो मी शिकवताना नेहमी सांगते. भारतात ते ॲप घेतलं होतं फक्त ३३५ जणांनी. माहिती गेल्याची शक्यता होती ५,६२,४५५ जणांची. बाकीचे साडेपाच लाखांहून अधिक लोक कोण? त्या ३३५ जणांचे मित्र आणि फेसबुकवरच्या ओळखीचे. त्यांनी काहीच केलं नव्हतं. त्यांचं दार बंद होतं, माहिती मित्राच्या दारातून गेली.

'शिकवताना' म्हटलं, कारण माझं कामच ते आहे. कोणत्या कर्मचाऱ्याला कोणती माहिती दिसावी आणि कोणती दिसू नये, याची व्यवस्था मी करते. ज्याला कामापुरती जेवढी लागते तेवढीच द्यायची, हा त्यातला पहिला नियम. नव्या मुलांना मी तो पहिल्या दिवशी सांगते. आता त्याच मी काय केलं ते सांगते. ज्या मैत्रिणीबद्दल आहे तिने हे लिहायला परवानगी दिली आहे, तिची ओळख पटेल असं काही इथे नाही, आणि कृपया अंदाज बांधू नका.

काही वर्षांपूर्वी आपण काही जणी बोर्डीला सुरूच्या बनात भेटलो होतो. खूप वर्षांनी, खूप हसलो. रात्री घरी आल्यावर मी फोटो माझ्या पानावर टाकला. खाली उत्साहाने एकेकीचं नाव लिहिलं, माहेरचं आणि सासरचं, आणि आता कोण कोणत्या शहरात काय करते तेही. कौतुकानेच. माझं पान सगळ्यांना दिसेल असं होतं, नोकरीच्या ओळखींसाठी मी ते तसं ठेवलं होतं.

आपल्यातली एक जण कुठल्याच सोशल मीडियावर नव्हती. नव्हती, त्याला कारण होतं. घरातल्या मारहाणीला कंटाळून ती मुलाला घेऊन दुसऱ्या शहरात गेली होती आणि कुठे आहे ते तिने मोजक्याच लोकांना सांगितलं होतं. माझा फोटो फिरत फिरत ज्यांच्यापासून ती लपली होती त्यांच्यापर्यंत पोचला. काही आठवड्यांतच ते तिच्या कामाच्या ठिकाणी जाऊन उभे राहिले. तिला नोकरी आणि घर दोन्ही बदलावं लागलं, मुलाची शाळा वर्षाच्या मध्यात.

मला हे कळलं जवळजवळ वर्षाने. त्याआधी आपला व्हॉट्सॲप ग्रुप झाला तेव्हा कोणीतरी तिचा नंबर त्यात घातला आणि ती दहा मिनिटांत बाहेर पडली. ग्रुपवर नंबर सगळ्यांना दिसतो, म्हणून. आपण काय म्हणालो आठवतं? 'शिष्ट झाली.' मीही हसणारा चेहरा टाकला होता. मग एक दिवस तिचाच फोन आला. ओरडली नाही, रडली नाही. सगळं सांगून झाल्यावर म्हणाली, "मला एकदा विचारायचं तरी होतंस."

तिने स्वतःचं सगळं नीट बंद केलं होतं. उघडं होतं ते माझं दार, आणि त्यातून दिसत होतं तिचं घर. प्रोफाइलला कुलूप कसं लावायचं ते आपण एकमेकांना शिकवतो. फेसबुकने २०१७ मध्ये फोटो दुसऱ्याला उतरवून घेता येऊ नये अशी ढाल आणि २०२० मध्ये पूर्ण प्रोफाइल लॉक करायची सोय भारतातल्या बायकांची भीती पाहून इथे आणली. चांगलं झालं. पण त्या कुलपाने फक्त आपलं दार लागतं. आपल्याबद्दलची माहिती बहिणीच्या, शेजारणीच्या, वर्गमित्राच्या फोनमध्ये असते.

उघडेपणाने दिलेलंही

हे वाचून कोणी सगळं बंद करावं असं माझं म्हणणं नाही. आज आपण तीस वर्षांनी एकत्र येतो आहोत ते कशामुळे? आपल्यापैकी बहुतेकांचा पत्ता लागला तो उघड्या प्रोफाइलमधूनच. आपल्या मराठीच्या बाई निवृत्त होऊन कुठे गेल्या ते त्यांच्या नातवाने टाकलेल्या वाढदिवसाच्या फोटोवरून कळलं. २०२१ च्या एप्रिल-मे मध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, ऑक्सिजनची खाट आणि औषध शोधताना आपण स्वतःचे नंबर जगजाहीर केले आणि अनोळखी लोकांनी रात्री दोन वाजता उत्तरं दिली. आपल्या भागातले वारली चित्रकार आज दलालाशिवाय थेट परदेशी गिऱ्हाइकाला चित्र दाखवू शकतात. डहाणू-घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन मिळालं, तरी तो वाडीतून थेट विकायचा तर बागायतदाराला नाव, फोटो, नंबर उघडा ठेवावाच लागतो. त्या प्रत्येकाने काय उघडं ठेवायचं ते स्वतः ठरवलं आहे. माझ्या मैत्रिणीसाठी ते मी ठरवलं होतं.

कायदा इथे आपल्या मदतीला येईल का? २०२३ च्या ऑगस्टमध्ये संसदेने वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. कंपन्यांनी माहिती घेताना संमती घ्यावी, कशासाठी घेतो ते सांगावं, अशा त्यात गोष्टी आहेत. पण एखाद्याने घरगुती किंवा वैयक्तिक कारणासाठी वापरलेल्या माहितीला तो लागू नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. ते बरोबरच आहे, घरातल्या फोटोंवर सरकारने लक्ष ठेवू नये. याचा अर्थ मात्र असा की मैत्रिणीचा फोटो टाकू की नको, हे कोणताही कायदा मला सांगणार नाही. तिथे फक्त मी आहे.

ही परिचयसूची

म्हणून तो पहिला फॉर्म मी फेकून दिला आणि कारकून काकांना आठवून दुसरा बनवला. समितीशी त्यावर दोन संध्याकाळी वाद झाला. 'एवढ्या जवळच्या माणसांत कसली आली संमती?' हा मुद्दा होता, आणि तो मनापासून मांडला गेला. मी बोर्डीच्या फोटोची गोष्ट सांगितली, नाव न घेता. मग कोणी काही बोललं नाही.

नव्या फॉर्ममध्ये प्रत्येकाला तीन पर्याय दिले : सगळी माहिती छापा, फक्त नाव आणि गाव छापा, काहीच छापू नका. काही न कळवणाऱ्याची काहीच माहिती छापायची नाही, असंही ठरलं. जन्मतारीख कोणाचीच घेतली नाही. बँकेचा माणूस म्हणवणारा फोनवर आधी तीच विचारतो, आणि आपल्यातल्या बऱ्याच जणांची तर १ जूनच आहे. जोडीदार आणि मुलांची नावं घेतली नाहीत, कारण त्यांना आपण विचारलेलं नाही. आलेले फॉर्म फक्त दोघांनाच दिसतात, आणि स्मरणिका छापून झाली की ते पुसले जातील. स्मरणिकेची पीडीएफ ग्रुपवर फिरणार नाही. छापील प्रत ज्याची त्याच्या हातात.

त्यामुळे पुढची यादी तुम्हाला थोडी विस्कळीत वाटेल. काहींचा पूर्ण पत्ता आहे, काहींचं नुसतं नाव आणि गाव, काही नावं नाहीतच. कोणाचं नाव का नाही, हे कृपया एकमेकांना विचारू नका. काहींना फक्त फॉर्म भरायचा कंटाळा आला असेल. आपल्याला तेही नवं नाही, गृहपाठाच्या वह्या आठवा.

ज्या मैत्रिणीबद्दल लिहिलं, तिचं नाव यादीत नाही. ती स्नेहसंमेलनाला येणार आहे, मुलाला घेऊन. तिने एकच अट घातली आणि समितीने ती सगळ्यांसाठीच लावली आहे : फोटो हवे तेवढे काढा, पण कुठेही टाकण्याआधी फोटोतल्या प्रत्येकाला विचारा. कोणी नको म्हटलं तर कारण विचारू नका.

कारकून काका आता नाहीत. त्यांच्या कपाटातलं आपलं रजिस्टर अजून शाळेत आहे. परवा दाखल्याच्या प्रतीसाठी गेले तेव्हा ऑफिसातल्या नव्या ताईंनी मला अर्ज लिहायला लावला आणि ओळखपत्र मागितलं. मी म्हटलं, "अहो, मी इथलीच विद्यार्थिनी." त्या म्हणाल्या, "असू दे मॅडम, तरी लागतं." मी निमूटपणे अर्ज लिहिला.